भुताआधीच्या सदाको

"काय गं सुषमा, काल रात्री अकराच्या सुमाराला तुमच्याकडे कोण किंचाळलं? हे म्हणाले, चोर शिरला असेल. म्हटलं, चोराला बघून एकटी सुषमा ओरडेल, इथे तर अख्खी पलटण ओरडतेय."

"अहो काकू, आमचं कार्टं आणि त्याचे मित्र. आम्ही झोपलो की पिक्चर लावायचा, हे सध्याचं वेड. तो नाही का जपानी भुताचा, केस तोंडावर घेतलेली बाई विहिरीतून निघते आणि टीव्हीतून थेट बाहेर येते. सगळं झाल्यावर पाणी प्यायला उठायचं तर तिघं एकमेकांचे हात धरून स्वयंपाकघरात!"

"म्हणजे 'रिंगु'. सदाको."

"तुम्हाला भूतसुद्धा नावानिशी माहीत?"

"माझ्या विद्यार्थ्यांनी धरून बसवलं होतं एकदा. जपानी शिकवायचं म्हणजे हेही बघायला लागतं. १९९८चा पिक्चर, सुझुकी कोजीच्या १९९१च्या कादंबरीवरचा. घाबरवतो खरा. पण त्या मुलांना सांग, ती बाई अशी हिसके देत अंगावर येते ना, ती नटी खरं म्हणजे उलटी चालत गेलीय. मागे मागे. आणि मग फीत उलट फिरवलीय. म्हणून ते चालणं माणसाचं वाटत नाही. आणि शेवटी केसांतून तो एक डोळा दिसतो, तो तर तिचाही नाही. शूटिंगच्या टीममधल्या कुणा पुरुषाचा आहे."

"पुरुषाचा? थांबा, हे आज जेवताना सांगते. पण काकू, नाव काय ते, सदाको! भुताला शोभेलसंच आहे."

"हे बघ, इथेच माझं डोकं फिरतं. आपल्याकडे कुणी सुमन नावाच्या भुताचा पिक्चर काढला आणि तुझ्या सासूबाईंच्या नावाला लोक दचकायला लागले, तर चालेल तुला?"

"सासूबाईंच्या नावाला आम्ही तसेही दचकतो."

"गप गं, ऐकतील. अगं, सदाको हे जुन्या वळणाचं, चांगल्या घरातलं नाव. महाराणीचं नाव होतं ते. आताच्या मुलींची 'को'वाली नावं कमी झालीत, ती निराळी गोष्ट. पण आज सदाको म्हटलं की जगाला ती विहीरवाली आठवते, आणि जी खरोखर जन्माला आली, जगली, ती एकही आठवत नाही. विहीरवालीचं नावही उसनं असणार, अशी माझी खात्री आहे. साधारण १९१०च्या आसपास तोक्योच्या विद्यापीठात फुकुराई नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना वेड लागलं अतींद्रिय शक्तीचं. बंद डब्यातली चिठ्ठी न उघडता वाचणाऱ्या बायका शोधायचे. त्यातली एक मिफुने चिझुको. १९१०मध्ये तिचा मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांसमोर जाहीर प्रयोग झाला, लबाडीचा बोभाटा झाला, आणि पुढच्याच वर्षी त्या पोरीनं विष घेतलं. चोविशीची होती."

"अरे देवा. आणि प्राध्यापक?"

"प्राध्यापक दुसरी शोधायला मोकळे! त्यातली एक ताकाहाशी सदाको. ही म्हणे नुसत्या मनानं फोटोच्या काचेवर अक्षरं उमटवायची. फुकुराईंनी १९१३मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि विद्यापीठानं त्यांना घरी बसवलं. पिक्चरमध्ये भुताच्या आईचा असाच जाहीर प्रयोग होतो बघ, पत्रकार ओरडतात वगैरे. ते सगळं इथून उचललेलं. मेली चिझुको, आणि नाव भुताला मिळालं सदाकोचं."

"बरं, महाराणीचं काय ते सांगा. मेथी घेऊन येऊ का निवडायला? इथेच भिंतीवर ठेवते."

"आण. अर्धी मला दे. हं, तर ही कुजो घराण्यातली सदाको. जन्म १८८४चा. कुजो म्हणजे फार बडं सरदारघराणं. पण तेव्हाची रीत अशी की मुलं लहानपणी दुसऱ्या घरी वाढवायची. हिला ठेवली तोक्योबाहेर कोएंजीला एका शेतकऱ्याकडे. आज कोएंजी म्हणजे भर शहर आहे, तेव्हा शेतं होती. पाच वर्षांची होईपर्यंत ही मातीत खेळली, उन्हात रापली. घरी आली तर लोक म्हणायला लागले, 'कुजोंची काळी राजकन्या'."

"म्हणजे रंगावरून बोलणारे तिथेही आहेत."

"कुठे नाहीत? पण तोच रंग कामाला आला. युवराज योशिहितो तब्येतीनं अगदी तोळामासा. तान्हा असताना मेंदूज्वर झालेला. त्याचं लग्न आधी ठरलं होतं फुशिमी घराण्यातल्या राजकन्येशी. १८९९ला ते मोडलं. का, तर मुलीची तब्येत नाजूक, छातीत काहीतरी आहे असं डॉक्टरांचं म्हणणं. मग शोधाशोध झाली ठणठणीत मुलीची, आणि काळी राजकन्या पसंत पडली. १९००मध्ये लग्न झालं, तेव्हा ही पंधरा वर्षांची. वर्षभरात मुलगा, तोच पुढे सम्राट हिरोहितो. एकूण चार मुलगे. आणि ती नाकारलेली नाजूक मुलगी माहितेय? दुसरीकडे लग्न झालं तिचं आणि ती चांगली म्हातारी होऊन गेली. महाराणीच्या मागेही कित्येक वर्षं होती."

"वा! हे मात्र मला फार आवडलं. मुलगी बघायला येणाऱ्यांना ऐकवण्यासारखं आहे."

"पुढचं ऐक, याहून गमतीचं आहे. दुसरा मुलगा राजपुत्र चिचिबु. त्याच्यासाठी बायको महाराणीनंच निवडली. त्सुनेओ मात्सुदाइरा या राजदूताची मुलगी. जन्म इंग्लंडमधला, शाळा वॉशिंग्टनमधली, बॉबकट, फाड फाड इंग्रजी. तिचं नाव सेत्सुको. आता घोळ असा की सेत्सुको ज्या दोन अक्षरांत लिहितात, नेमक्या त्याच दोन अक्षरांत महाराणी आपलं सदाको लिहायची. वाचायचं वेगळं, लिहायचं एकच. मग सून कागदावर सही करणार म्हणजे सासूचंच नाव लिहिणार की!"

"अगंबाई. मग?"

"मग काय, सुनेनंच बदलायचं. १९२८ला लग्न झालं तेव्हा तिला नवी अक्षरं दिली. एक इसे देवस्थानातलं, एक तिच्या वडिलांच्या घराण्याच्या आइझुतलं. उच्चार सेत्सुकोच राहिला. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात आणि माहेरचं पुसून टाकतात, त्या मानानं ती सुटली म्हणायची."

"माझं शुभदा होतं काकू माहेरी. ह्यांच्या आत्याबाईंचं तेच, म्हणून सुषमा झाले."

"घ्या! म्हणजे तू दुसरी सेत्सुकोच. असो. थोरल्या सुनेशी मात्र, म्हणजे हिरोहितोच्या बायकोशी, ह्या सदाकोबाईंचं फार काही गोडीगुलाबीचं नव्हतं. पण बाई करारी. नवऱ्याच्यानं कारभार झेपेना, तेव्हा १९२१ला मुलाला राज्यपालक नेमला, १९२६ला नवरा गेला, त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं ही होती. राजवाड्यात रेशमाचे किडे स्वतः पाळायची. कुष्ठरोग्यांसाठी पैसे द्यायची, तिच्या देणगीतून संस्था उभी राहिली. पण त्यातही मला एक खुपतं. त्याच सुमाराला कायदा झाला की कुष्ठरोग्यांना सक्तीनं कोंडून ठेवायचं. आणि तो कायदा रद्द झाला कधी? १९९६ला! तोवर औषध येऊन जुनं झालं होतं. भिंतीआड माणसं म्हातारी झाली. महाराणीची दया दाखवून कोंडणं गोड करून घेतलं सरकारनं, असं माझं मत."

"तुम्ही मेथीच्या काड्या पण टाकताय पातेल्यात."

"कोवळ्या आहेत गं, चालतात. हिच्या नऊशे वर्षं आधीची एक सदाको आहे, तीही महाराणीच. आणि गंमत बघ, दोघी मूळ एकाच फुजिवारा कुळातल्या आणि दोघींच्या बापांचं नाव मिचिताका. त्या जुन्या सदाकोला अभ्यासक तेइशी म्हणतात, कारण तेव्हाच्या बायकांची नावं घरात कशी हाक मारत हे कुणी लिहूनच ठेवलं नाही. पण ती अक्षरं सदाको अशीही वाचतात. हिचा नवरा सम्राट इचिजो. लग्न झालं ९९०मध्ये. नवरा दहा वर्षांचा, ही तीनेक वर्षांनी मोठी."

"मोठी? आणि चाललं?"

"चाललं काय, जीव होता त्याचा तिच्यावर. तिच्या दरबारात सेइ शोनागोन होती, ती जगप्रसिद्ध 'उशीखालची वही' लिहिणारी. तिनं या महाराणीचे किस्से असे लिहून ठेवलेत की वाटतं काल संध्याकाळी घडलं. एकदा खूप बर्फ पडलं, तर अंगणात बर्फाचा डोंगर रचला. मग पैज लागली, किती दिवस टिकेल. सगळ्या म्हणाल्या आठ-दहा दिवस. शोनागोन म्हणाली, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची पंधरा तारीख. सगळ्या हसल्या. पण डोंगर टिकला की! पाऊस आला, तरी टिकला. शोनागोन रोज माणूस पाठवून बघायची, राखणदाराला खाऊ द्यायची. चौदाच्या रात्रीपर्यंत बर्फ शाबूत. सकाळी ताटात घालून महाराणीला नेऊन दाखवायचं, वर एक कविता जोडायची, सगळं ठरलेलं. पहाटे माणूस गेला तर बर्फ गायब."

"वितळलं?"

"महाराणीनं रात्रीतून माणसं पाठवून फेकून दिलं! आणि नंतर हसत हसत कबूलही केलं."

"काय नग असेल ही बाई!"

"तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची पोर ती. पण दैव त्याआधीच फिरलं होतं. बाप ९९५ला गेला. भावानं तर कहरच केला. हा कोरेचिका एका बाईकडे जायचा. निवृत्त सम्राट काझानही त्याच घरी जायला लागला. कोरेचिकाला वाटलं, माझ्याच बाईकडे जातोय. खरं तर तो तिच्या बहिणीकडे जात होता. कोरेचिका आणि धाकट्या भावानं रात्री माणसं घेऊन गाठलं, बाण सोडला, तो सम्राटाच्या बाहीतून आरपार."

"अहो, ही मालिका आहे की इतिहास?"

"इतिहास, ९९६चा. दोघे भाऊ हद्दपार. महाराणीनं शरमेनं केस कापले, म्हणजे जवळजवळ संन्यासच. नवऱ्यानं तरी तिला परत बोलावलं. तोवर तिचा काका मिचिनागा सत्तेवर बसला होता, त्यानं आपली पोर शोशी राजाच्या गळ्यात घातली आणि १०००मध्ये तिलाही महाराणी केलं. एका सम्राटाला एकाच वेळी दोन पट्टराण्या, असं आधी कधी झालं नव्हतं. त्याच वर्षाअखेरीला ही तिसऱ्या बाळंतपणात गेली. जेमतेम चोविशीची. शोनागोनच्या वहीत या पडझडीबद्दल जवळजवळ अवाक्षर नाही. नुसता हसरा दरबार. मला वाटतं, मालकिणीसाठी तिनं केलेलं तेच सगळ्यात मोठं काम."

"काकू, एक सदाको मलाही माहितेय हं. आमच्या मुलाच्या शाळेत सहा ऑगस्टला कागदाचे पक्षी करायला लावले होते. हिरोशिमाची."

"सासाकी सदाको. हो. बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची. घर स्फोटापासून दीड-पावणेदोन किलोमीटरवर. खिडकीतून बाहेर फेकली गेली, पण खरचटलंही नाही. वडील न्हावी, घरचं सलून. पोर एकदम चपळ, शाळेच्या रिले शर्यतीत पळायची. आणि मग १९५४च्या हिवाळ्यात गळ्याला गाठी. फेब्रुवारी १९५५ला रेडक्रॉसच्या दवाखान्यात घातलं. रक्ताचा कर्करोग."

"तिला सांगितलं होतं?"

"नव्हतं. पण तिनं काय केलं माहितेय? आपल्या रक्ताच्या तपासणीचे आकडे कसेबसे मिळवून एका कागदावर उतरवून ठेवायची. पांढऱ्या पेशी किती, तांबड्या किती. बारा वर्षांची पोर! तो कागद तिच्यामागे सापडला. म्हणजे सगळं कळत होतं. आणि पक्षी तर औषधाच्या पुड्यांच्या कागदाचे, भेटवस्तूंच्या वेष्टणाचे. दवाखान्यात नागोयाहून पेशंटांसाठी सारस पक्षी आले होते, हजार केले की इच्छा पुरी होते म्हणतात, तिथून तिनं सुरू केलं. शेवटी शेवटी तर इतके बारीक की बोटं पुरायची नाहीत, सुईच्या टोकानं घड्या घालायची. तांदळाच्या दाण्याशेजारी ठेवावेत असे."

"पण हजार व्हायच्या आतच गेली ना? सहाशे का साडेसहाशे झाले होते..."

"६४४. तो आकडा एका अमेरिकन बाईंच्या मुलांसाठीच्या पुस्तकातला, १९७७च्या. जगभर तोच पसरला. तिचा भाऊ सांगतो, हजार केव्हाच झाले होते, त्यावर आणखी पुष्कळ केले. मला त्या पुस्तकाचा रागच आहे जरा. अपुरं राहिलं म्हटलं की रडायला सोपं जातं. हजार पुरे झाले, इच्छा पुरी झाली नाही, आणि तरी ती करत राहिली, हे जास्त अवघड आहे. ऑक्टोबरच्या २५ तारखेला गेली. वर्गातल्या मुलांनी देशभरातून पैसे जमवले आणि १९५८च्या मे महिन्यात हिरोशिमाच्या शांतता उद्यानात स्मारक उभं केलं. वर एक मुलगी, हात उंचावून पक्षी धरलेली. आता तिथे जगभरातून दर वर्षी जवळजवळ कोटभर पक्षी येतात."

"कोटभर! ठेवतात कुठे?"

"तेच तर. आता त्या कागदाचा लगदा करून पुन्हा कागद करतात. आणि हिरोशिमातच आणखी एक सदाको होती. कुरिहारा सदाको, कवयित्री. बाँबनंतर दोन दिवसांनी एका पडक्या इमारतीच्या तळघरात, जखमी माणसांच्या गर्दीत, अंधारात एक बाई बाळंत झाली. तिथेच पडलेली एक जखमी सुईण उठून मदतीला आली. त्यावर हिची कविता. कवितेत सुईण पहाटेपूर्वी मरते. खऱ्यात ती वाचली होती. बाळही वाचलं. पण तिचं खरं धाडस पुढचं. ही बाई आपल्याच लोकांना सुनवायची की तुम्ही हिरोशिमा म्हणाल तर बाकीचे आशियाई लोक तुम्हाला तुमच्या सैन्यानं केलेल्या कत्तलींची आठवण करून देतील, आधी त्याचं उत्तर द्या. हिरोशिमात बसून हे म्हणायचं! २००५ला गेली, नव्वदी पार करून."

"तुमच्या सगळ्या सदाको कडकच निघाल्या."

"अजून सगळ्यात कडक राहिलीये. पेपरात तू 'जायका' वाचतेस ना?"

"म्हणजे मुळा-मुठेचं सांडपाणी? तो जायका प्रकल्प? तो कधी व्हायचा तेव्हा होवो."

"हां, तोच. जायका ही जपानी सरकारची मदत देणारी संस्था. आपला करार २०१६चा. त्याआधी २००३ ते २०१२ त्या संस्थेची अध्यक्ष कोण होती? ओगाता सदाको. २००८मध्ये कर्ज देण्याचं खातं दुसऱ्या बँकेकडून जायकाकडे आलं आणि संस्था एवढी मोठी झाली, ते हिच्याच कारकिर्दीत."

"म्हणजे आपल्या नदीच्या रखडण्याला तीच जबाबदार?"

"छे गं, रखडण्याला आपण स्वयंपूर्ण आहोत. हिचं मोठेपण त्याआधीचं. १९९१ला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित खात्याची प्रमुख झाली, त्रेसष्ट वर्षांची होती. त्या खुर्चीवर पहिली बाई. चणीनं एवढीशी, माझ्या खांद्याला लागेल अशी. पण घराणं बघ. पणजोबा इनुकाई, जपानचे पंतप्रधान. १९३२ला नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी घरात शिरून गोळ्या घातल्या. ही तेव्हा चार वर्षांची. पुढे डॉक्टरेटला विषय घेतला जपानच्या सैन्यानं मांचुरियात केलेल्या उद्योगांचा. म्हणजे घरातल्या खुनाचं मूळ शोधायला पार अमेरिकेत, बर्कलेला जाऊन बसली."

"बाई गं. आणि लग्न?"

"तेहतिसाव्या वर्षी. त्या काळात, १९६०ला! नवरा बँकेतला. दोन मुलं. शिकवत होती कॉलेजात. मग १९९१ला त्या निर्वासित खात्याच्या खुर्चीवर बसल्या बसल्या इराकमधले कुर्द डोंगरात अडकले, लाखांनी. तुर्कस्थाननं सीमा बंद केली. आता नियम असा की निर्वासित म्हणजे देशाची सीमा ओलांडलेला. हे बिचारे अलीकडेच. मग खात्यानं मदत करायची की नाही? जुने अधिकारी म्हणाले, नियमात बसत नाही. हिनं ऐकून घेतलं सगळ्यांचं आणि म्हणाली, माणसं मरतायत, आत जाऊन मदत करायची. नियम मागून वळवले."

"हे आपल्या सरकारी खात्यात कुणी करून दाखवावं."

"आणि बोस्नियात तर १९९३ला भांडणच. युद्ध करणारे मदतीचे ट्रक अडवायचे, आमच्या माणसांना मिळालं नाही तर त्यांनाही नको म्हणून. हिनं सगळी मदतच थांबवली. म्हणाली, राजकारणच करायचं असेल तर आम्ही कशाला? वर न्यूयॉर्कला महासचिव बुट्रोस घाली भडकले, मला न विचारता? चार-पाच दिवसांत पुन्हा सुरू झालं, पण दणका बसायचा तो बसला. सारायेवोला तर जवळजवळ साडेतीन वर्षं विमानानं अन्न पोचवलं. ही स्वतः ते जाडजूड चिलखती जाकीट घालून तिथे उतरायची. जाकीट चालतंय, आत बाई आहे की नाही कळायचं नाही. १९९७ला मॅगसेसे मिळालं, त्याच वर्षी आपल्या महाश्वेतादेवींनाही मिळालं. नंतर अमर्त्य सेनांबरोबर एका आयोगाचं काम केलं. २०१९ला गेली, ब्याण्णव वर्षांची."

"आणि माझ्या पोरांना माहीत ती विहिरीतली."

"तेच म्हणतेय मघापासून. बरं, ही मेथी झाली. काय करणार, पराठे?"

"डाळमेथी. रोज रोज काय करायचं हाच माझा मोठा प्रश्न. काल काय केलं ते आज आठवत नाही."

"मग तुला शेवटची सदाको सांगते, खास तुझ्यासाठी. सावामुरा सदाको, नटी. तोक्योच्या आसाकुसातली, नाटकवाल्यांच्या घरातली. तरुणपणी डाव्या नाटकमंडळींत गेली आणि तुरुंगात बसून आली. मग शेकडो पिक्चरमध्ये आया, सासवा, शेजारणी केल्या. एक पत्रकार भेटला, तो आधीचा संसार टाकून आला हिच्यासाठी. कागदोपत्री लग्न कितीतरी वर्षांनी."

"बघा, हे तुम्ही शेवटी सांगताय! आधी सांगायचं."

"आधी सांगितलं असतं तर बाकीच्या ऐकल्या असत्यास? तर ही बाई दिवसभर शूटिंग करायची आणि घरी येऊन स्वतः रांधायची. १९६६ला एक साधी वही घातली. आज काय केलं, एवढंच. भात कसला, मासा कुठला, भाजी कोणती, सूप काय. जवळजवळ रोज. २६ वर्षं! ३६ वह्या भरल्या. त्यातून पुस्तक झालं, आणि तिच्या आयुष्यावर १९७८ला सकाळची मालिकाही निघाली. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी टीव्हीवाल्यांनी त्या वह्या उघडून तिचे बेत पुन्हा रांधून दाखवले."

"म्हणजे जुनी पानं उलटायची, गेल्या वर्षी या महिन्यात काय केलं होतं बघायचं, आणि तेच करायचं!"

"त्याचसाठी घातली होती तिनं."

"काकू, मी आजच वही घालते. पण ह्यांना बोलू नका हं. नाहीतर रोज रात्री मागची पानं काढून बसतील, मंगळवारी पण भेंडीच होती म्हणून."